उन्हाळ्याला चालणारी कादंबरी

एकशे बेचाळीस शाळकरी कोटांना खिसे उलटे लागले, ते माझ्यामुळे.

आता, मी काही शिंपी नाही. सुईत दोरा ओवायचा तर मला चष्मा, खिडकीचा उजेड आणि बायको अशा तीन गोष्टी लागतात. मी लायब्ररीत पुस्तकं देतो आणि परत घेतो. या धंद्यात माणसाच्या हातून फार तर पहिल्या भागाच्या जागी दुसरा भाग जातो. पण त्या दिवशी मी लायब्ररीमागच्या शिवणाच्या कारखान्यात एका उंच स्टुलावर बसून मोठ्याने कादंबरी वाचत होतो, आणि समोर चौदा मशिनींवर चौदा बाया लोकरीचे कोट शिवत होत्या. संध्याकाळी पहिला कोट हँगरवर चढला तेव्हा दिसलं, की खिशाचं तोंड खाली आहे आणि बूड वर. दुसरा पाहिला, तोही तसाच. इस्त्रीवाल्याने एका खिशात खालून वर हात घातला आणि म्हणाला, "बरंच आहे. पोरं वर्गात चोरून काही आणणार नाहीत."

कुणी हसलं नाही.

त्या कारखान्यात बायांना नावं नाहीत, नुसते अवयव आहेत. कॉलरवाली, बाहीवाली, खिसेवाली. खिसे उलटे लावले ते खिसेवालीने हे खरं, पण ते पुढे टीप मारणारीच्या हातून गेले, तिच्यापुढे बटणवालीच्या हातून गेले आणि शेवटी चेकरबाईंच्या हातून गेले, ज्यांचं काम फक्त बघणं एवढंच आहे. चौघींनी पाहिलं आणि चौघींना दिसलं नाही, कारण चौघी रडत होत्या. आणि रडत होत्या, कारण मी वाचत होतो.

तो स्टूल माझा नव्हे. तो आत्यांचा. त्या नक्की कुणाच्या आत्या हे कुणालाच माहीत नाही. त्यांना भाऊच नाही. सातवीपर्यंत शिकून सोळाव्या वर्षी त्या या कारखान्यात काज-बटणाला बसल्या. नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. तो दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, आणि दोघांची गाठ संध्याकाळच्या चहाला पडायची. "म्हणून तर कधी भांडण झालं नाही," असं त्या सांगतात, "भांडायला दोघं एकाच वेळी जागी लागतात." तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेली. आत्या काजं करत राहिल्या.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली आणि मशिनी थांबल्या. आत्यांच्या पिशवीत पुठ्ठा निघालेली एक कादंबरी होती. वेळ जाईना म्हणून त्या खिडकीशी बसून मोठ्याने वाचायला लागल्या. तासाभराने वीज आली, पण एकाही बाईने मशीन चालू केली नाही. तेव्हाचे मालक काय झालं ते बघायला आले, दारातच थांबले, आणि प्रकरण संपल्यावर म्हणाले, "हे मशिनी चालू असताना नाही का जमणार?" जमलं. आत्यांच्या वाटची काजं बाकीच्यांनी वाटून घेतली आणि कटिंगच्या टेबलाच्या टोकाला एक उंच स्टूल आला.

मी त्यांना ओळखतो ते लायब्ररीच्या खिडकीतून. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "पावसाळ्याला एक द्या." छत्री मागावी तसं.

मी साहित्याचा एम.ए. आहे. असा माणूस नुसतं पुस्तक देत नाही, सोबत चार वाक्यंही देतो. मी म्हटलं, "पावसावरची एक फार सुंदर कादंबरी आहे. तिच्यात पाऊस हे जणू एक पात्रच..."

"पाऊस कशाला? तो पत्र्यावर आहेच की. हिच्यात माणसं कुजबुजतात का?"

"म्हणजे?"

"हळू बोलतात का? आमच्या पत्र्यावर पाऊस लागला की कुजबुज शेवटच्या मशिनीपर्यंत जात नाही. मला भांडणारी माणसं द्या."

मी त्यांना चार भाऊ आणि एक विहीर यांच्या खटल्याची एक जुनी, गाजलेली कादंबरी दिली. ती चारही महिने पुरली. त्या वर्षी कारखान्यात कुणी कात्री मागितली तरी समोरची "पुरावा काय?" असं विचारायची.

पुढे मला त्यांची रीत कळत गेली. अभिजात कादंबरीच हवी, हा त्यांचा हट्ट. नवीन पुस्तकं मशिनीच्या आवाजात टिकत नाहीत, असं त्यांचं मत. पण पुस्तकाचं नाव, लेखक, प्रस्तावना यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कारखान्यात कादंबऱ्यांना नावं नसतात. 'खटल्याचं', 'आंधळ्या घड्याळजीचं', 'दोन सावत्र बहिणींचं', अशी ती ओळखली जातात. आत्या पुस्तक हातात घेऊन मध्येच कुठेतरी उघडत आणि ओठांतल्या ओठांत अर्धं पान वाचून बघत. श्वास कुठे घ्यायचा ते सापडलं नाही तर पुस्तक परत. मग प्रश्न.

"किती मरतात?"

"दोन. एक म्हातारा आणि एक घोडा."

"घोडा कधी?"

"मध्यावर."

"घोड्याला जास्त रडतात. थंडीत ठेवा."

थंडीत पंखे बंद, खिडक्या बंद, पत्र्यावर पाऊस नाही. हळू आवाजात वाचलं तरी पोचतं. म्हणून जाडजूड, सावकाश चालणाऱ्या, दुःखाच्या कादंबऱ्या थंडीला. उन्हाळा सगळ्यांत अवघड. शिवणाचं काम नेहमी एक ऋतू पुढे चालतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात बायांच्या मांडीवर लोकरीचे कोट असतात. त्यात जेवणानंतरची अडीच ते चार ही वेळ वैऱ्याची. तेव्हा चोऱ्या, पाठलाग, पळून गेलेले वारसदार असलं काहीतरी लागतं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी कुठेतरी लटकलेलं हवं, नाहीतर माना पेंगायला लागतात.

मला हे सगळं भाजी निवडल्यासारखं वाटायचं. मनातल्या मनात मी हसायचो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालून चालणाऱ्याचं हसूच येतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. दहा दिवस वाचायचं नाही. स्टूल रिकामा कसा ठेवायचा? मी म्हटलं, "मी आहे की. दुपारी लायब्ररी तीन तास बंदच असते."

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. म्हणजे त्या डोळ्यांनी जेवढं दिसलं तेवढं. चोरांच्या जहाजाची एक कादंबरी हातात ठेवली. "रोज दोन प्रकरणं. आवाज पंख्याच्या वर ठेवा. दुसरं काही करू नका."

मी दुसरं काही केलं.

मला वाटलं, या बायांनी काय जन्मभर चोरच ऐकायचे? शिवाय बाहेर अंगाची लाही होत होती. आमच्या कपाटात एका नावाड्याच्या विधवेची कादंबरी आहे. सबंध हिवाळा ती गोठलेल्या नदीच्या काठी परगावी गेलेल्या मुलाची वाट बघते. पानोपानी बर्फ. मी हिशेब केला, की बर्फ ऐकून बायांना गार वाटेल आणि थोर साहित्यही कानावर पडेल. पहिल्या दिवशी नदी गोठली. दुसऱ्या दिवशी कॉलरवाली म्हणाली, "खरंच हो, जरा गारवा वाटतोय." मी असा फुगलो की स्टूल अपुरा पडला.

सातव्या दिवशी नावाडीण तापाने फणफणली. घरात लाकूड नाही, दार उघडं, आणि दूर बर्फावरून एक कंदील हलत हलत येतोय. मीही न लाजता रडलो. सुटीची घंटा झाली तेव्हा नावाडीण मेली नव्हती आणि जगलीही नव्हती. आणि हँगरवर कोट चढायला लागले.

मालकीणबाई म्हणजे त्या जुन्या मालकांची मुलगी. लहानपणी कटिंगच्या त्याच टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करायची. बाई समजूतदार आहे, ओरडली नाही. "उद्यापासून वाचन बंद," एवढंच म्हणाली. "आत्या आल्या तरी."

मी तसाच आत्यांकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. खाली कुणीतरी चाकाला हवा भरत होतं. काळा चष्मा लावून त्या पलंगावर बसल्या होत्या.

"जहाज कुठवर आलं?"

मी सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. चेकरबाई माझ्या आधी येऊन गेल्या असत्या तर त्यात तिखटमीठ असतं.

"उन्हाळ्यात?" त्यांनी विचारलं. "त्या बाईला तुम्ही उन्हाळ्यात आजारी पाडलं?"

"मला वाटलं, बर्फ..."

"बर्फाचं सोडा. थंडीत रडू आलं ना, की गालावर गरम लागतं. बाईला लगेच कळतं. ती बाहीला डोळे पुसते, पुढची टीप मारते. उन्हाळ्यात अख्खा चेहरा घामाने ओला असतो. त्यात डोळ्यांतलं कुठलं आणि कपाळावरचं कुठलं, तिचं तिलाच कळत नाही. मग पुसणार कशाला? आंधळेपणाने शिवत बसते. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट होती खरी. पण एम.ए.ला नव्हती.

वाचन बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "काजांना आता माझे डोळे पुरायचे नाहीत. मुलगी कधीपासून ये म्हणतेय. जावई चांगले आहेत. घरात दिवसभर टीव्ही असतो. माझ्यासाठी एक खुर्ची घेऊन ठेवलीय त्यांनी."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलीच आहे. पाठीला उशी आहे तिला. तिच्यावर बसायचं."

एवढंच बोलल्या. पण उशीची ती खुर्ची माझ्या डोक्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंकडे गेलो आणि छाती काढून सांगितलं, "चूक वाचनाची नाही. माझी आहे. पुस्तक चुकीचं होतं."

"म्हणजे पुस्तकाने बायांचे हात चुकतात?"

"चुकीच्या पुस्तकाने चुकतात."

"आणि उद्या परत चुकीचं आलं तर?"

"पण बरोबर पुस्तकाने हात बरोबर चालतात ना."

"लायब्ररीवाले, सकाळपासून आम्ही सगळ्या खिसे उसवत बसलोय. न वाचलेलं पुस्तक असतं ना, त्याने हात कधीच चुकत नाहीत."

वकिली करायला गेलो आणि आरोपीची शिक्षा वाढवून आलो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पहिले दोन दिवस कारखान्यात फक्त मशिनींचा आवाज होता. मालकीणबाई खूश होत्या. तिसऱ्या दिवशी खिसेवाली सहज म्हणाली, "मेलीच असेल ती."

"कशी मरेल?" कॉलरवाली म्हणाली. "कंदील घेऊन मुलगा येतोय ना."

"मुलगा कशाला? पोस्टमन असेल," इति चेकरबाई.

"बर्फात रात्रीचा पोस्टमन? तुमच्या सासरी येतो का?"

झालं. कारखान्यात तीन तट पडले. आणि यात एक भानगड अशी, की ऐकताना माणसाची मान खाली असते, भांडताना ती वळते. कॉलरवालीला उत्तर द्यायला बाहीवाली वळली, की बाही वाकडी. दोन दिवसांत डाव्या हाताच्या दोन बाह्या असलेले सहा कोट निघाले. मालकीणबाईंनी बोलण्यावर बंदी घातली, तर बाया हातवारे करायला लागल्या. कंदिलाची तर एक खूणच ठरून गेली.

खिसेवाली लायब्ररीतही आली. नेहमीसारखी दारात न थांबता थेट टेबलाशी.

"ते नावाडिणीचं पुस्तक द्या."

पुस्तक माझ्या जेवणाच्या डब्याखाली होतं. मी म्हटलं, "बांधणीला गेलंय."

"मग तुम्हीच सांगा. मरते की नाही?"

"ते असं एका वाक्यात..."

"हो किंवा नाही म्हणा. मला झोप लागत नाही हो."

मी मान खाली घालून रजिस्टर चाळत राहिलो. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू त्या विधवेला ताप मीच आणला असावा. एका परीने आणलाच होता.

वाचन बंद झाल्याच्या दहाव्या दिवशी मालकीणबाईंनी आत्यांना बोलावणं पाठवलं, आणि मला पुस्तक घेऊन यायला सांगितलं. आत्या नवा चष्मा लावून आल्या. जेवणाची सुटी नुकतीच संपली होती. बाया मशिनींवर बसल्या होत्या, पण एकीचाही पाय पेडलवर नव्हता.

"आत्या," मालकीणबाई म्हणाल्या, "हे जे काय उरलंय ते वाचून टाका. तीन दिवस लागतील ना? वाचा, संपवा, आणि मग बंद. पुढच्या महिन्यात मुलीकडे जायचं तर माझी गाडी सोडून येईल तुम्हाला."

आत्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. कुठवर आलं ते बघितलं. मिटलं.

"हे थंडीतलं आहे."

"असू दे. बाकीचं यांनी वाचलंच ना."

"त्यांनी शहाणपणा केला. मी नाही करायची."

मी मालकीणबाईंच्या पाठीमागून हातवारे करून सांगत होतो, की तीन दिवस मिळतायत ते घ्या, पदरात पडतंय ते पाडून घ्या. आत्यांनी नव्या चष्म्यातून माझे हातवारे स्वच्छ बघितले आणि तोंड फिरवलं.

"आत्या, मी तुम्हाला तीन दिवस देतेय," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर तेही नाही."

"नाही तर नाही." आत्या बायांकडे वळल्या. "ऐका गं. हिचं पुढचं थंडीत. सहा महिने कुणी विचारायचं नाही."

"आत्या, नुसतं सांगा तरी," खिसेवाली म्हणाली.

"सांगितल्यावर वाचायचं काय मग?"

"मग सहा महिने या अशाच भांडत बसणार?" मालकीणबाईंनी विचारलं. "डाव्या हाताचे कोट शिवत?"

"तोंड चालतं त्यांचं, कारण कान रिकामे आहेत. त्यात काहीतरी घाला. गाणी लावा." आत्या थोडं थांबल्या. "नाहीतर ते जहाजाचं आहे. पावसाच्या तोंडाशी संपेल."

मालकीणबाईंनी बायांकडे पाहिलं. चौदा माना त्यांच्याकडे वळलेल्या होत्या. हँगरवर दोन डाव्या बाह्यांचा एक कोट कुणाला तरी निरोप देत असल्यासारखा लटकत होता.

"त्या जहाजात कुणी मरतं का?" त्यांनी विचारलं.

"एक बोका मेला असं सगळ्यांना वाटतं. मेलेला नसतो."

"नक्की?"

"अगं, तुझ्या बापाच्या वेळी वाचलंय मी हे. तू टेबलाखाली होतीस."

चारचौघांत आत्या मालकीणबाईंना नेहमी 'अहो' म्हणतात. त्या दिवशी विसरल्या. मालकीणबाईंनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणाल्या, "आत्ता दोन पानं वाचा. मी इथे उभी राहून खिसे बघते."

आत्या स्टुलावर चढल्या. एक पाय आडव्या दांडीवर, पुस्तक छातीपासून वीतभर लांब. आवाज पंख्याच्या वर, पण ओरडल्यासारखा नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत आपल्याविषयी बोलतंय आणि आपल्याला सगळं ऐकू येतंय, तसा. मशिनी एकेक करून सुरू झाल्या. माना खाली गेल्या. मालकीणबाई खिसेवालीच्या मागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. एक खिसा लागला, दुसरा लागला, आठवा लागला. सगळ्यांची तोंडं वर. दोन पानांची चार झाली तरी त्या तिथेच होत्या. मग कुणीतरी हाक मारली म्हणून निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "दिवसाला दोनच प्रकरणं. जास्त नाही."

आत्यांनी वाचन न थांबवता मान हलवली.

संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो. नावाडिणीचं पुस्तक माझ्या काखेत होतं. ते थंडीपर्यंत कुलपात ठेवायचं, खिसेवाली रडली तरी काढायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली होती. सायकलच्या दुकानाशी जिना आला. मी दिवसभर पोटात धरलेलं विचारून टाकलं.

"आत्या, खरं सांगा. तीन दिवसांचे सहा महिने केलेत तुम्ही. हा डावच होता ना? तिने ऐकलं नसतं तर तुम्ही मुकाट्याने ते तीन दिवस घेतले असते ना?"

त्या पहिल्या पायरीवर थांबल्या, काखेतल्या पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मुलीकडे जाऊन त्या खुर्चीवर बसले असते, पण त्या बाईला उन्हाळ्यात मरू दिलं नसतं."